विमानाचं पडलं का?

मागच्या महिन्यात आई आणि मी चाटी गल्लीत चादरी घ्यायला गेलो होतो. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, आहेरात द्यायला सहा चादरी आणि दोन टॉवेलचे सेट, आमच्याकडं हे नेहमीचंच. दुकानात शिरलं की नव्या चादरीचा तो वास येतो ना, खळीचा आणि रंगाचा मिळून, जरा कोरडा, जरा घशात बसणारा, तो मला लहानपणापासून आवडतो, त्यामुळं पहिली दोन मिनिटं मी नुसती उभीच राहते. आईचं मात्र तोवर काम सुरू झालेलं असतं. चादर उलगडायची, उजेडाकडं धरायची, काठ दोन बोटांत चुरगाळून बघायचा, मग भाव विचारायचा, आणि दुकानदारानं भाव सांगितला की काही न बोलता चादरीची परत घडी घालायला लागायचं. ही घडी म्हणजेच तिची घासाघीस. दुकानदार जुना ओळखीचा, घरात तेलुगू बोलणारा, आईला मावशी म्हणतो आणि तिनं घडी घालायला घेतली की आपण होऊन दहा-दहा रुपये उतरत जातो. त्या दिवशीही तसंच उतरत उतरत सगळं मिळून ४,६५० वर आलं. मी कार्ड काढलं तर तो म्हणाला, "ताई, फोनवरनं करा की. कार्डाला दोन टक्के जास्त पडतात बघा." मी पर्समधून मोबाईल काढणार तेवढ्यात आई म्हणाली, "पडू देत दोन टक्के. कार्डावरच घ्या. आमचं विमानाचं साठलालंय."

मी काहीच बोलले नाही.

कारण विमानाचं काही साठत नव्हतं. ते कार्ड मी चौदा महिन्यांपूर्वीच बंद करून कॅशबॅकचं, म्हणजे खर्चातले थोडे पैसेच परत देणारं, घेतलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. दोन टक्के म्हणजे ९३ रुपये. जी बाई मेथीच्या जुडीमागं दोन रुपये कमी मिळतात म्हणून मंडईच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते, तिनं ९३ रुपये जास्तीचे हसत दिले. आणि नव्या कार्डावर दुकानातल्या खरेदीला मिळतो एक टक्का, म्हणजे ४७ रुपये परत येणार, निव्वळ तोटा ४६ रुपयांचा. एवढ्यानं काय होतंय, असं मी स्कूटी चालू करताना मनाशी म्हटलं. पण पार्क चौक गेला, सात रस्ता गेला, आसरा गेलं, जुळे सोलापूर आलं तरी ते डोक्यातून जाईना. मागं आई पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, आणि मधेच म्हणते काय, "लग्नाची सगळी खरेदी कार्डावरच करू आता. लवकर होईल."

ते पहिलं कार्ड मी २०२१ मध्ये घेतलं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, तिथं बँकेचा एक मुलगा यायचा, त्यानं माईल्सचं कार्ड समजावून सांगितलं आणि मी घेतलं. घरी येऊन आईला सांगितलं की यावर खर्च केला की माईल्स जमा होतात, पुरेसे झाले की त्यातून विमानाचं तिकीट येतं, तुला नेते. आप्पा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि आई दिवसदिवस बोलायची नाही. त्या दिवशी तिनं ताटावरून मान वर करून विचारलं, "खरं?" तिनं ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. कुठंतरी एक डबा आहे आणि आपण औषध आणलं, गोडेतेल आणलं, की त्यात काहीतरी टपकन पडतं. म्हणून तिचा शब्द 'पडलं'. मेडिकलमधून आलं की चप्पल काढायच्या आधी प्रश्न, "विमानाचं पडलं का?" किराणा आणला, "पडलं का?" जसं रात्री झोपताना गॅस बंद केला का विचारावं तसं रोजचं झालं होतं ते. मी हो म्हणायचे. तेव्हा खरंच पडत होतं.

त्या वेळी सोलापूरला विमान कुठं होतं? होटगी रोडला विमानतळ होता, आणि धावपट्टीजवळ साखर कारखान्याची ती चिमणी. गावात वर्षानुवर्षं त्या एका चिमणीवर भांडणं. जून २०२३ मध्ये ती पाडली तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ, एवढी उंच चिमणी आधी जरा कलते आणि मग बसल्यासारखी खाली येते आणि धूळ. आईनं तो तीन वेळा बघितला आणि म्हणाली, आता येईल विमान. आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील त्या कारखान्याचे सभासद, तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे विमान यावं असंही वाटायचं आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. आई प्रत्येक बातमीचा कागद कापून देवघराच्या खणात ठेवत गेली. आणि मी त्याच मधल्या काळात, टर्मिनल होऊन दोन महिनेही झाले नव्हते, एका रविवारी बसून हिशोब केला आणि विमानाचं कार्ड बंद करून टाकलं.

हिशोब चुकीचा नव्हता, तो सांगतेच. कार्डावर शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि दोन पॉइंटचा एक माईल, म्हणजे सरळ शंभराला एक. आमचा घरखर्च, औषधं, ऑनलाइन सगळं मिळून महिन्याला पस्तीस हजारांपर्यंत कार्डावर जायचं, पण त्यातलं पेट्रोल, विमा, लाईटबिल असलं आठेक हजारांचं बँक पॉइंटमध्ये धरतच नव्हती. राहिले सत्तावीस हजार, त्याचे २७० माईल, वर्षाचे ३,२४०. आता एक माईल म्हणजे किती पैसे? हे कुठं लिहिलेलं नसतं, ज्याचं त्यानं काढायचं. मी पुणे-दिल्ली बघितलं. पैशानं तिकीट ५,८००, माईल्सनं घेतलं तर ७,००० माईल आणि वर कर, विमानतळाचे आकार वगैरे १,१०० रुपये रोख. हे रोख लागतातच, फुकट तिकीट म्हणतात ते पूर्ण फुकट नसतं. म्हणजे ७,००० माईल्सनी माझे वाचले ४,७००, एका माईलला ६७ पैसे. वर्षाच्या माईल्सची किंमत झाली २,१७० रुपये, आणि कार्डाची वार्षिक फी १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,७७०. हातात राहिले चारशे रुपये. दुसरीकडं कॅशबॅक. ऑनलाइनच्या बारा हजारांवर पाच टक्के, दुकानातल्या पंधरा हजारांवर एक टक्का, महिन्याला साडेसातशे, वर्षाचे नऊ हजार, त्यातून फी १,१८० वजा. ७,८२० रुपये. चारशे कुठं आणि हे कुठं. आणि तीन वर्षांहून जास्त काळ साठवून माझे माईल्स झाले होते अकरा हजारांवर थोडे, म्हणजे दोघींचं एका बाजूचं तिकीटसुद्धा होत नव्हतं.

अकाउंटंट माणसानं यावर दुसरं काय करायचं.

आणखी एक होतं. माईल हे असं नाणं आहे की त्याचा भाव ज्यानं पाडलं त्याच्याच हातात असतो. आज सात हजारांत मिळणारं तिकीट उद्या नऊ हजारांना केलं तर आपण काय करणार? ऑफिसात मी रोज देणी-घेणी लिहिते म्हणून मला हे जास्त टोचायचं. एअरलाइनच्या वहीत माझे माईल्स 'देणं' या बाजूला असतात. माझ्याकडून ते वापरायचे राहून गेले आणि मुदत संपली की माझं येणं बुडतं आणि त्यांचं देणं उत्पन्नात जातं. कोरोनात विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली माईल्सची योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले होते. विमानं उडत नसताना लोकांनी साठवलेल्या माईल्सच्या कारभारावर सावकार एवढे पैसे द्यायला तयार झाले, म्हणजे त्या डब्यात खरी कमाई कुणाची आहे ते कळतं. आपल्याकडं किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला. रुपया रुपयाच राहतो, तो देणारी कंपनी राहिली काय आणि गेली काय. हे सगळं त्या रविवारी माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. कार्ड बंद करायला फोनवर वीस मिनिटं लागली. आई तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती.

सांगायचं राहिलं असं मी म्हणू शकते, पण राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं हिला काय फरक कळणार, दुसऱ्या दिवशी तिनं दूधवाल्याचं बिल हातात देऊन विचारलं विमानाचं पडलं का, आणि मी हो म्हणून गेले, आणि एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं अवघड होत गेलं.

चाटी गल्लीतून आल्यावर दोन-तीन रात्री मला आप्पांच्या दुकानाचीच आठवण येत होती. आप्पांचं मंगळवार पेठेत पंप आणि पाईपचं छोटं दुकान होतं. पंपाच्या कंपनीची सीझनला स्कीम यायची, एवढे पंप खपवले की बक्षीस, आणि बक्षिसात दोन गोष्टी, एकतर टूर नाहीतर तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट. क्रेडिट नोट म्हणजे पुढच्या मालाच्या बिलातून तेवढे पैसे कमी. गावातले बाकीचे डीलर टूरला जायचे, आल्यावर दुकानात बसून पोत्यावर पाय घेऊन सांगायचे, तिथं असं आणि तिथं तसं. आप्पा दरवर्षी क्रेडिट नोट घ्यायचे. २००३ साली दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, माणसं कर्ज काढून बोअर मारत सुटली आणि आप्पांच्या दुकानातून पंप असे गेले की कंपनीचं टार्गेट दिवाळीआधीच पुरं झालं. त्याचं आप्पांना कधी बरं वाटलं नाही. एक बोअर कोरडी गेली की माणूस दुसरी मारायचा, आणि त्याला पंप विकताना ते बिलावर नाव लिहायला वेळ लावायचे. त्या वर्षीचं बक्षीस मोठं होतं, दोघांची बँकॉक टूर, विमानानं. आणि त्या एकाच वर्षी आप्पा म्हणाले, जाऊ या.

आईनं नव्या पेठेतल्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला. पांढरा पडदा, अंगावर मोरपंखी इरकल, केसांना तेल, आणि डोळे असे की कुणीतरी आत्ताच काहीतरी विचारलंय आणि उत्तर द्यायच्या आधी फोटो निघालाय. आठ कॉप्या. पण उधारी अडकली. ज्यांनी पंप नेले होते त्यांच्याकडं पाणीच नाही तर पैसे कुठले, आणि कंपनीला पेमेंट वेळेवर लागायचं. आप्पांनी टूर सोडून क्रेडिट नोट घेतली. आईला त्यांनी रात्री जेवताना सांगितलं, "अगं, ते बिलातनं वजा करून घेतलं." आई म्हणाली, बरं. बरं म्हणून तिनं त्यांना भाकरी वाढली, एवढं मला आठवतंय, मी समोरच बसले होते. पासपोर्ट निघालाच नाही. ते आठ फोटो मग एकेक करत गेले, एक रेशनकार्डाला, एक गॅसच्या पुस्तकाला, एक बँकेत, एक एसटीच्या सवलतीच्या कार्डाला, दोन कुठंतरी. पुढं बँकेतल्या मुलीनं फोटो हातात घेऊन विचारलं, आजी, हा तुमचाच का? तेव्हा नवीन काढावे लागले. जुन्यातला एक तिच्या पर्समध्ये अजून आहे, औषधाच्या चिठ्ठीच्या मागं.

क्रेडिट नोट आणि टूर. कॅशबॅक आणि माईल्स. चाळीस वर्षांहून जास्त हाच खेळ चालू आहे, फक्त आधी तो दुकानदारांशी खेळायचे आणि आता घराघरात आलाय. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला माईल्सची योजना काढली, १९८६ मध्ये तिकडंच डिस्कव्हर नावाच्या कार्डानं खर्चाचे पैसेच परत द्यायला सुरुवात केली. यातली मेख अशी आहे की विमानातली सीट रिकामी गेली तर ती गेलीच, म्हणून ती कुणाला बक्षिसात दिली तर एअरलाइनला फारसं पडत नाही, पण घेणाऱ्याला मात्र पूर्ण तिकिटाएवढं मोठं वाटतं. रुपयाचं तसं होत नाही. बँकेनं एक रुपया परत दिला की तिचा अख्खा रुपया जातो. म्हणून विमान नेहमी मोठं दिसतं आणि रोख नेहमी किरकोळ दिसते.

आणि हे सगळं येतं कुठून, तर दुकानदाराकडून. पुढच्या आठवड्यात एक टॉवेल सेट बदलायला मी पुन्हा त्या दुकानात गेले तेव्हा त्यानं सांगितलं, यूपीआयला त्याचं काही कटत नाही, कार्ड ओढलं की मशीनवाली बँक टक्का-दोन टक्के कापून बाकीचे खात्यात टाकते. "आमच्याच खिशातनं जातंय की ताई तुमचं विमान," असं म्हणाला, रागानं नाही, टॉवेलचा धागा तोडता तोडता. चादरीच्या धंद्यात आता काय सुटतं ते मला माहीत आहे, मी त्याच धंद्यातल्या वह्या लिहिते. तिथं मला आमचे ९३ रुपये एकदम वेगळे दिसले, ते त्यानं आमच्यावर लादले नव्हते, स्वतःवरचं ओझं फक्त आमच्याकडं सरकवलं होतं. शिवाय काही पैसा त्यांच्याकडूनही येतो ज्यांचं बिल पूर्ण भरायचं राहतं. आमच्या डिस्पॅचमधल्या एकानं मोबाईल घेतला आणि आठ महिने नुसतं मिनिमम ड्यू भरत राहिला, त्याला वाटायचं पाच टक्के भरले की झालं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर्षाचं बेचाळीस. मी त्याचं स्टेटमेंट बघून दिलं तेव्हा तो कागद उलटा करून बसला होता. त्या कार्डावर पण पॉइंट होते, साडेतीन हजारांवर पॉइंट. ज्याला बिल पूर्ण भरता येत नाही त्यानं कॅशबॅक की माईल्स हा विचार करूच नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

धाकटा भाऊ पुण्यात आहे, आयटीत, त्याच्याशी माझा यावरून बराच वाद व्हायचा. त्याचं म्हणणं, ताई, कॅशबॅक म्हणजे सुट्टे पैसे, कुठं जातात कळत पण नाही. तो ऑफिसच्या कामानं परदेशात जातो, तिकीट कंपनीचं पण माईल्स याचे, कार्डावरचा खर्चही आमच्या चौपट. मागं एकदा त्यानं साठ हजार माईल्स देऊन जर्मनीहून येताना बिझनेस क्लासचं तिकीट काढलं आणि मला हिशोब पाठवला, एका माईलचे अडीच रुपये पडले म्हणून. मी विचारलं, तेवढे पैसे खिशातून देऊन तू त्या सीटवर बसला असतास का? नाही म्हणाला. मग ज्या भावानं तू कधी तिकीट घेतलंच नसतंस त्या भावानं माईलची किंमत लावतोस कशी? वाद मी जिंकले होते. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "ते सगळं खरं, पण बसलो ना, ताई."

तेव्हा मला ते पोरकट वाटलं होतं. आता त्याच वाक्याशी मी अडकून बसलीये.

कारण मग मी शोधायला बसले की कॅशबॅकचं झालं काय. चौदा महिन्यांची स्टेटमेंट उघडली. ६१२, ७४८, ८०१, ६९०, एकूण १०,३१२ रुपये. दर महिन्याला पुढच्या बिलातून वजा. पैसे आले, शंभर टक्के आले, एक पैसाही बुडाला नाही, पण मला एक वस्तू दाखवता येईना जी त्यातून आली. ते दुधात गेले, बीपीच्या गोळीत गेले, पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीत गेले, म्हणजे जिथं जायला हवेत तिथंच गेले. आमच्यासारख्या घरात मोकळा पैसा असा हातात राहतच नाही, त्याच्याकडं बघणारी दहा तोंडं आधीच उभी असतात आणि त्यातलं प्रत्येक खरंच भुकेलं असतं. माईल्सनं दूध येत नाही. त्या डब्यातलं फिरण्याशिवाय दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही, हा त्याचा मोठा दोष म्हणून मी वहीत लिहिला होता, आणि आईच्या दृष्टीनं त्याचा सगळा गुण तोच होता. दुधाला, फीला, उधारीला, कुणालाच त्यात हात घालता येत नव्हता. आप्पांच्या क्रेडिट नोटेत सगळ्यांनाच हात घालता येत होता. तरी मला अजूनही वाटतं की आकड्यात मी बरोबर होते. विमानात कधी न बसणाऱ्या माणसानं, वर्षाला तीन-चार लाख कार्डावर खर्च करणाऱ्या घरानं माईल्सच्या नादाला लागू नये, रोख घ्यावी. मी फक्त तो हिशोब करताना आतल्या खोलीत जाऊन आईला उठवलं नाही.

शेवटी सांगितलं. रविवार होता, आई खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. मिक्सरमधली तिला चालत नाही, तेल सुटेपर्यंत कुटायची. घरभर भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि लाल तिखटाचा वास, आणि तो ठक ठक आवाज. मी दारात उभी राहून म्हटलं, "आई, ते विमानाचं कार्ड मी बंद केलंय."

ठक ठक चालूच. "कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

"मग परवा ते दोन टक्के?"

"तू एकदम बोललीस, मला सांगता आलं नाही."

तिनं बत्ता बाजूला ठेवला, बोटानं चटणी दाबून बघितली. "साठलेलं सगळं गेलं?" मी म्हटलं गेलं नाही, अकरा हजार आहेत एअरलाइनच्या खात्यात, पण ते विमान सोलापुरातून उडत नाही, पुण्याला जावं लागेल आणि दोघींना पुरत पण नाही. आणि नव्या कार्डावर दहा हजार तीनशे मिळाले. "ते कुठायत?" बिलातून वजा झाले. "म्हणजे कुठं?" मी मोबाईलवर आकडे दाखवायला लागले, हे बघ, या महिन्यात सहाशे बारा, या महिन्यात सातशे अठ्ठेचाळीस. तिनं चष्मा नव्हता तरी नीट बघितलं. मग परत बत्ता हातात घेतला आणि म्हणाली, "चांगलंच की. तुझे आप्पा पण असंच सांगायचे. वजा झालं म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी बोलले असते.

मी तिथंच खाली बसले. बराच वेळ ती कुटत राहिली आणि मी लसणाच्या पाकळ्या उगाच सोलत राहिले, चटणीत लसूण आधीच पडला होता. मग मी विचारलं, जे मी पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं, की तुला विमानानं जायचंय कुठं? मला वाटलं होतं काशी म्हणेल, नाहीतर बँकॉकच म्हणेल. ती म्हणाली, "कुठं पण. वरनं सिद्धेश्वर बघायचाय." म्हणजे तळ्यातलं देऊळ. गड्ड्याच्या यात्रेत ती लहानपणापासून नंदीध्वजांच्या मागं चालत आलीये, तळ्याच्या कट्ट्यावर बसलीये, पण चहूबाजूंनी पाणी आणि मधे देऊळ, असं एका नजरेत तिनं कधी बघितलं नाही, वर्तमानपत्रातल्या फोटोत बघितलंय फक्त. त्यासाठी ना सात हजार माईल्स लागत होते ना पुणे. होटगी रोडवरून विमान वर चढतानाची पाच मिनिटं लागत होती.

मुंबईची दोन तिकिटं काढली. डोंबिवलीला मावशीकडं चार दिवस राहायचं आणि परत सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री झोपून यायचं. पैसे कार्डावर भरले, त्याचं काय पडलं ते मी मुद्दाम बघितलं नाही. त्या अकरा हजार माईल्सचं काय करायचं ते अजून ठरलं नाही, आई म्हणते धाकट्याला दे, तो म्हणतो ठेव. आईनं पर्समधला तो इरकलमधला फोटो काढून मला विचारलं, हा लागेल का? मी म्हटलं आधारकार्ड लागतं फक्त. तिनं तो परत चिठ्ठीच्या मागं ठेवला.

आता एकच अडलंय. सीट निवडताना डावीकडची घ्यायची की उजवीकडची? ऑफिसात विचारलं तर कुणी काही सांगतं आणि कुणी काही, वारा असेल तसं विमान वळतं म्हणे. त्यामुळं गेले चार दिवस विमान उडायच्या वेळेला मी सुट्टी असली तर घरी असते, नसली तर आईला फोन करते, आणि आई गच्चीवर जाते. काल दोघी मिळून गेलो. ऊन तापलेलं, वाळत घातलेल्या कुरडयांवर पातळ फडकं, शेजारच्या टाकीवर कबुतरं. आधी आवाज आला आणि मग ते घरांच्या वर दिसलं, एवढंसं, पंखावर ऊन चमकलं आणि ते कलायला लागलं. आईनं कपाळावर हात धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाली, "बघ, बघ, कुणीकडं वळलालंय?"